खांबावरची गेरूची रेघ

पूर्वी वेत्रनगरात महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जमीन मोजणाऱ्या अमात्यांच्या कुळात जन्मला होता. राजोद्यानाला लागून नदीकाठी मोठे कुरण होते. तिथे अर्जुनाची जुनी झाडे होती, गुरे चरत, आणि पूर आला की पाणी त्या कुरणात पसरून निवांत बसे. नगरात शिरत नसे. पूर ओसरला की झाडांवर जिथवर गाळ लागला असेल तिथे बोधिसत्त्व गेरूची रेघ ओढी. ही त्याच्या कुळाची रीत होती. सर्वांत वरची रेघ त्याच्या आजोबांच्या वेळची. तिला हात लावायचा तर उंच माणसालाही उडी मारावी लागे.

मग ओळीने सात वर्षे नदी शहाण्यासारखी वागली. नंदक नावाच्या श्रेष्ठीच्या डोळ्यांत ते कुरण भरले. तो राजाला म्हणाला, "महाराज, उद्यानाशेजारची एवढी जागा गुरांसाठी कशाला अडवायची? तिथे घरे बांधू. प्रजा आशीर्वाद देईल."

राजाने बोधिसत्त्वाला विचारले. तो म्हणाला, "महाराज, ती जागा रिकामी नाही. ती नदीची आहे. नदी सध्या घरी नाही, इतकेच."

सभा हसली. राजाही हसला. तो वाईट नव्हता. त्याला कोणाचे मन मोडवत नसे, आणि नंदक रोज भेटे, नदी भेटत नसे.

महिन्याभरात झाडे पडली. बोधिसत्त्वाला रडू आवरेना. रडून झाल्यावर तो सुतारांकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "बाबांनो, खांब याच लाकडाचे करणार ना? मग बुंधा खालीच ठेवा, आणि वरची रेघ तेवढी तासू नका." सुतारांनी ऐकले. झाडे गेली तरी रेघ बोलेल, असे त्याला वाटले.

रेघ बोलली नाही. राहायला आलेल्या लोकांना ती शुभ वाटली. दर सणाला ते तिच्यावर नवा गेरू चढवीत, हळदकुंकू वाहत, माळ घालीत. बोधिसत्त्व दारोदार सांगत फिरे, "ही पाण्याची खूण आहे. इथवर पाणी येते. इथून निघा." लोक त्याला पाट देत, ताक देत. माग चालवणारी कपिला म्हणाली, "दादा, तुमच्या रेघेपुढे दिवा लावल्याशिवाय मी मागाला हात लावत नाही. ती असताना आमचं काय वाईट होणार?"

 बोधिसत्त्व म्हणाला, "कपिले, निदान रेघेच्या वर चढून बसायला एक माळा तरी घाल." त्याचे मन राखायचे म्हणून तिने तो घालून घेतला.

पुढच्याच वर्षी भर दुपारी नदी घरी आली. बोधिसत्त्व नाव घेऊन पोहोचला तोवर हाका थांबल्या होत्या. लोक वर चढले तशी गवती छपरे कोसळून वाहून गेली होती. पाणी चढत चढत बरोबर रेघेला येऊन टेकले. एक बोटही वर गेले नाही. माळ्यावर कपिला आणि तिच्या दोन मुली जिवंत होत्या. बाकीच्या घरांना माळे नव्हते.

पूर ओसरल्यावर तो रीतीप्रमाणे गेरू घेऊन गेला. रेघ ओढावी लागली नाही. लोकांनी ती नुकतीच सणाला रंगवली होती. राजा येऊन खूप रडला. हिवाळ्यात नंदकाची माणसे त्याच खांबांवर नवी छपरे चढवू लागली, आणि राजाला तेव्हाही नाही म्हणवले नाही. बोधिसत्त्व मरेपर्यंत पुन्हा दारोदार फिरला. लोक त्याला पाट देत, ताक देत.

एवढी कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्खूंना सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्खूंनो, नदीकाठचे रान तोडून तिथे विहार बांधू म्हणणारा आजचा उपासक हाच त्या वेळचा नंदक. त्याला होकार देऊन आलेला हा उत्तिय भिक्खू तेव्हा राजा होता. हे माझ्या कानावर घालणारी थेरी, ही ज्येष्ठ भिक्खुणी, म्हणजे कपिला, आणि तो अमात्य मीच. त्या जन्मी मी खरे बोलणे सोडले नाही. यालाच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्ती, म्हणतात. पण तिने तीनच जीव वाचवले, आणि तेही माझे मन राखायला घातलेल्या माळ्यामुळे. तेही खरेच आहे, म्हणून तेही सांगितले."