गोजाबाईचं पारडं

हे दोन दगडी खांब आणि वरची तुळई बघा. तराजू आहे हा, पण पारडं एकच. दुसरं मुद्दामच लावत नाहीत. वजन उतरावं म्हणून साखर सोडलेली शहरातली माणसं हल्ली इथं येतात. चहात त्या गोड गोळ्या टाकतात आणि इथल्या देवीला हात जोडतात. जोडू देत बापडे. पण ही जागा बारीक होण्यासाठी नाही, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

खाली नदीकाठी पूर्वी गुऱ्हाळं होती. तिथल्या रावजी गुळव्याची बायको गोजाबाई. अंगानं भरलेली, हसली की पार काहिलीपाशी ऐकू यायची म्हणे. गरम गुळाचा पहिला खडा चाखायचा मान तिचा. एका साली रावजी बैलांवर गूळ लादून घाटाखाली विकायला गेला, तो परतलाच नाही. गोजाबाईनं देवीला नवस केला, "धनी सुखरूप येऊ दे. माझ्या भारंभार गूळ वाहीन. तोवर गोड तोंडाला लावणार नाही."

गावाला तिचं फार कौतुक वाटलं. तिचा नवस मोडायला नको, म्हणून तिला बारशाचं बोलावणं जाईना, लग्नाचं जाईना. संक्रांतीला बायका तिच्या दारावरून जाताना तिळगूळ पदराखाली झाकून न्यायच्या. सगळं मानानंच हो, वाईट कुणाच्या मनात नव्हतं. पण सणाच्या दिवशी ती एकटीच चुलीपुढं बसायची. पुढं पुढं एकटीसाठी काय रांधायचं, म्हणून चूलही पेटेनाशी झाली. लोक म्हणत, नवसानं वाळली. मला विचाराल तर नुसत्या गुळावाचून कुणी इतकं वाळत नाही.

बऱ्याच वर्षांनी रावजी आला. घाटाखाली दुखण्यानं अडकून पडला होता, असं सांगतात. गावानं हौसेनं गाडीभर ढेपा आणल्या. गोजाबाई पारड्यात बसली. समोर जेमतेम दोन ढेपा ठेवल्या आणि गोजाबाईचं पारडं वर उचललं गेलं. गाडी भरलेली तशीच राहिली. शेवटी एका म्हातारीनं पुढं होऊन गुळाचा खडा तिच्या ओठांशी धरला. म्हणाली, "घे बाई, फिटला नवस."

गोजाबाईनं तोंड फिरवलं. "मी गूळ सोडला होता गं," ती म्हणाली. "माणसं कुठं सोडली होती?"

पुढच्या सालचं गुऱ्हाळ बघायला ती राहिली नाही. ती बसली होती ते पारडं रावजीनं काढलं आणि नदीत सोडलं. हे दिसतंय ते गुळाचं.

आजही इथं कुणी गोड सोडलं, नवसानं म्हणा की डॉक्टरच्या सांगण्यावरून, तर जेवणाचं पहिलं बोलावणं त्याला जातं आणि पंगतीत पहिलं पान त्याचं. माझीही साखर बंद आहे, पण यंदा गावातलं एकही बारसं चुकलेलं नाही. आणि पंगत बसली की कुणीतरी इथं वर येतं, या मोकळ्या बाजूकडं तोंड करून हाक मारतं, "गोजाबाई, जेवायला चला हो!"

खाली सगळी पंगत पहिला घास हातात धरून तिच्यासाठी थोडा वेळ थांबते.