वैद्यबुवांच्या बावीस खाटा

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक वैद्यबुवा होते. हाताला यश, स्वभाव लोण्याहून मऊ. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती: आपल्या रुग्णशाळेत दुजाभाव नको! म्हणून बावीस खाटा एकाच उंचीच्या, बावीस काठ्या एकाच मापाच्या, आणि बावीस रोग्यांना ताकीदही एकच, "उठायचं झालं तर हाक मारा."

तरी रोगी पडायचेच. औषधाने ताप उतरायचा आणि पडून कंबर मोडायची. वैद्यबुवांचा जीव तीळतीळ तुटे.

एकदा तापाने खंगलेली एक म्हातारी कासारीण तिथे आली. ताप उतरला, पण खाटेवरून उतरताना ती दोनदा पडली.

"आजी, तिसऱ्यांदा पडलात तर पुन्हा उभं राहणं कठीण आहे हो," वैद्यबुवा काकुळतीने म्हणाले.

म्हातारीचे डोळे भरून आले. "असं नका बोलू. पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे. तिचा चुडा मीच भरणार."

"मग हाक का मारत नाही?"

म्हातारीने पदर तोंडावर ओढून घेतला. वैद्यबुवा निघून गेल्यावर तिची शुश्रूषा करणारी बाई पाय चेपत बसली आणि तिने हळूच तेच विचारलं.

"अगं, जन्मभर गल्लोगल्ली ओरडून बांगड्या विकल्या," म्हातारी पुटपुटली. "पण परसाकडे जायचंय हे चारचौघांत कसं ओरडू? आणि जन्म गेला भुईवर निजण्यात. या खाटेवरून पाय सोडला की भुईच लागत नाही."

बाईने त्याच दिवशी खाटेचे पाय कापून घेतले आणि उशाशी चार बांगड्या दोरीत ओवून बांधल्या. किणकिण झाली की बाई हजर! म्हातारी पुन्हा पडली नाही.

वैद्यबुवा इतके हरखले, की त्यांनी सुताराला बोलावून सगळ्याच खाटांचे पाय कापवले आणि प्रत्येक उशाशी बांगड्या बांधल्या. भोळा माणूस, दुसरं काय!

संध्याकाळी धप्पकन आवाज आला. गुडघे आखडलेला एक म्हातारा पहिलवान त्या बुटक्या खाटेवरून उठता उठता कोसळला होता. नशीब, खरचटण्यावर निभावलं.

"अहो, बांगड्या का नाही वाजवल्या?"

"मी? बांगड्या?" पहिलवानाच्या मिशा थरथरल्या. "उभ्या मुलखात कुस्त्या मारल्यात मी!"

कासारीण खुदकन हसली. "वैद्यबुवा, बावीस मनगटांत एकाच मापाची बांगडी भरायला गेलात, तर निम्म्या फुटतील आणि निम्म्या गळून पडतील. कासारीण आधी हात हातात घेते, दाबून बघते, मग माप काढते."

वैद्यबुवा ओशाळले. मग पहिलवानाजवळ बसले आणि त्याचा हात हातात घेतला.

"सांगा, मला कसं बोलवाल?"

पहिलवानाने विचार केला. "शड्डू ठोकीन."

"ठोका! आणि खाट?"

"गुडघ्याएवढी उंच हवी."

मग वैद्यबुवा पुढच्या खाटेकडे वळले. बावीस जणांचं ऐकायला तीन दिवस लागले.

महिन्याभराने कासारीण आपल्या पायांनी लग्नमांडवात गेली. नातीचा हात हातात घेऊन तिने तो हलकेच दाबून पाहिला, आणि हिरवा चुडा भरला. एकही बांगडी पिचली नाही.

तात्पर्य: माया सगळ्यांवर सारखी करावी, पण काळजी ज्याच्या त्याच्या मापाने घ्यावी, आणि ते माप विचारल्याशिवाय कळत नाही.