चिपळ्या न वाजवता दिलेले उत्तर

कोल्हापूरचे चित्रनिर्माते रावसाहेब सरनोबत यांनी एका जुन्या फ्रेंच तत्त्वचिंतनपर कादंबरीवर बोलपट काढायचे ठरवले आणि पटकथा कीर्तनकार यमुनाबाई ओगले यांच्याकडे सोपवली. अखेरच्या प्रसंगात नायक बंदिखान्यात एकटा बसून, माफी मागून सुटावे की सत्यासाठी मरावे, याचा विचार करतो. रावसाहेबांनी नेमकी तीच पाने भिरकावली.

"बाई, विचार कॅमेऱ्याला दिसत नाही! तिथे नाच घाला, नाहीतर उद्यापासून येऊ नका." असे म्हणून त्यांनी तबकातला विडा उचलला.

माणूस अंतर्यामीच्या साक्षीला सामोरा जातो त्या घटकेला घुंगरू वाजवणे यमुनाबाईंना गाभाऱ्यात बाजार मांडण्यासारखे वाटले. त्यांनी पाने उचलून कपाळाला लावली.

"उत्तर देते," असे म्हणून त्यांनी जवळच्या चिपळ्या वर उचलल्या आणि हात तसाच वर धरून त्या थांबल्या. कीर्तनात आख्यान ऐन रंगात आले की त्या अशाच थांबत.

चिपळ्या आता वाजतील, मग वाजतील, म्हणून रावसाहेब पुढे सरकत गेले. शेवटी त्यांना राहवेना.

"अहो, कसला एवढा विचार करताय? बोला ना!"

"नाच घालावा की घरी जावे, याचा," यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या. "रावसाहेब, मी नाचले नाही, बोललेही नाही. तरी तोंडाशी नेलेला आपला विडा अजून हातातच आहे."

रावसाहेबांनी विडा तबकात ठेवला आणि पटकथेच्या पानांसाठी हात पुढे केला.