वाकझरीचं टोपलीतळं

या, असे बांधावर या. पाय जपून टाका, कारण हा बांध सरळ नाही. कुठं गुडघाभर, कुठं पुरुषभर, मध्येच खळगा आणि पुढं पुन्हा उंचवटा. बाहेरगावचे लोक आले की आधी या बांधालाच नावं ठेवतात. मागं एक ओव्हरसियर आला होता, त्यालाही तो बघवला नाही. म्हणाला, यंत्र लावून दोन दिवसांत सपाट करून देतो. गावानं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. हे तळं कुणा राजानं बांधलं नाही, सरकारनंही नाही. शाळेतल्या पोरांच्या चुकांनी ते खणलं गेलं, असं आमच्याकडं सांगतात. मला माझ्या आज्यानं सांगितलं, त्याला त्याच्या आज्यानं. त्याच्या मागचं मला विचारू नका.

फार वर्षांपूर्वी, ते समोर नाथाचं देऊळ दिसतं ना, त्याच्या डाव्या ओवरीत विसाजीपंत नावाचे पंतोजी शाळा घेत. तेव्हा वह्या कुठल्या! लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तीत बोटानं अक्षर गिरवायचं. तिला धूळपाटी म्हणत. पंतांचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. आधीच्या गावी त्यांनी म्हणे एका मुलाच्या बोटांवर अशी छडी ओढली, की ते पोर जे उठलं ते पुन्हा कुठल्याच शाळेत बसलं नाही. ती गोष्ट पंतांच्या मनाला लागून राहिली. वाकझरीला आल्यावर त्यांनी नाथापुढं बेलभंडारा उचलला, की यापुढं लेकरावर हात टाकणार नाही.

पण शिक्षेवाचून शाळा चालते, हे काही त्यांना पटेना. तेव्हा त्यांनी तोड काढली. ज्याचं अक्षर चुकेल त्यानं देवळामागच्या सखल जागेतली एक टोपली माती खणायची आणि वर कडेला नेऊन टाकायची. एका चुकीला एक टोपली. हुशार पोरं दिवसाकाठी एखादी टाकत, बाकीची चार-पाच. जो तो आपल्याला सोयीची जागा धरून टोपली उपडी करी. खड्डा पडत गेला, कडेला ढिगारे उठत गेले. इथं कधी पाणी साठेल, असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आता मेंढक्यांचं ऐका. आमच्या माळावर पावसाळाभर मेंढरं असतात आणि दिवाळी झाली की मेंढक्यांचे वाडे, म्हणजे तळ, उठतात, खाली कोकणाकडं उतरतात. त्यात म्हाकू नावाचा मेंढका होता. त्याची बायको ठकूबाई. त्यांची मुलं जगत नव्हती. तीन गेली. चौथ्या वेळी ठकूबाईनं नाथाला नवस केला. लोक बोकड बोलतात, चांदीचे डोळे बोलतात. ही म्हणाली, "देवा, एवढं लेकरू जगू दे. तुझ्या ओवरीत बसवून त्याला अक्षर शिकवीन." असला नवस ती का बोलली, ते कुणी सांगत नाही. मला आपलं वाटतं, येता-जाता ओवरीतल्या पोरांचा घोष तिच्या कानावर पडत असणार आणि आपलंही लेकरू तिथं बसावं अशी हाव तिला सुटली असणार. असल्या हावेला मी तरी नावं ठेवणार नाही.

मूल जगलं. मुलगी झाली. सगुणा तिचं नाव.

सगुणा आठ वर्षांची झाली, तेव्हा आषाढात ठकूबाई तिला घेऊन ओवरीत आली. गावानं नाकं मुरडली. मेंढक्याचं पोर, त्यातून मुलगी. पंतही गडबडले. म्हणाले, "अगं बाई, मुलीला घेऊन मी काय करू?"

ठकूबाई म्हणाली, "पंत, नवस बोलताना मी पोरगा का पोरगी म्हटलं न्हवतं. नाथानं पोरगी दिली. आता तुम्हीच त्येला इचारा."

नाथाला विचारायची पंतांची छाती नव्हती. त्यांनी सगुणेला बसवून घेतलं, पण अट घातली. दिवाळीला वाडा उठेपर्यंत तिला श्रीगणेशा आपल्या हातानं लिहिता आला तर ती राहील. नाही आला तर तिनं आपल्या मेंढरांमागं जावं. ठकूबाईनं मान डोलावली, पण नवस अपुरा राहिला तर नाथ दिलेलं लेकरू माघारी नेईल, ही धास्ती तिला होती. तेव्हाची माणसं असल्या गोष्टी खऱ्या मानत. आजही मानतात, फक्त बोलत नाहीत.

आणि सगुणेला काही केल्या अक्षर येईना. पोर ढ नव्हती, बरं का. दोनशे मेंढरांतलं कुठलं कुणाचं ते ती सांगे. कोकणात उतरायची सात दिवसांची वाट, कुठला ओढा, कुठलं वळण, कुठं पाणी, तिला एका खेपेत पाठ झाली होती. पण धूळपाटीवर बोट टेकलं की गडबड व्हायची. अक्षराच्या शेवटाला येईतो सुरुवात कुठून केली तेच ती विसरायची. पंत हात धरून गिरवून घेत. हात सोडला की पुन्हा तेच. दिवसाला वीस-वीस टोपल्या तिच्या वाट्याला येऊ लागल्या. त्या साली पाऊस तुटपुंजा, पडेल ते पाणी माती पिऊन टाकी, म्हणून खड्डा कोरडाच होता. बाकीची पोरं घरी जाऊन भाकरी खाऊन खेळायला बाहेर पडत, तरी ही आपली खड्ड्यात माती खणतेच आहे. बांधाचा तो सगळ्यात उंच भाग दिसतो ना, तो तिचा.

पोरांनी चहाडीही केली. "पंत, सगुणी माती घिऊन सरळ वर येत न्हाय. खड्ड्यातनंच भवंडत फिरती." पंतांना वाटलं, पोर कामचुकार आहे. त्यांनी तिला रोजच्या पाच टोपल्या वाढवल्या. तिनं त्याही वाहिल्या.

दिवाळी आली. शाळेला सुट्टी लागली, पण सगुणेच्या टोपल्या शिल्लक होत्या, म्हणून ती खड्ड्यातच होती. दुसऱ्या दिवशी वाडा उठायचा. म्हाकू आणि ठकूबाई पोरीला न्यायला आले. पंत त्यांना बांधावर भेटले, त्या उंच भागावर, आणि काय ते एकदाचं बोलून मोकळे झाले. म्हणाले, "मी पुष्कळ केलं. हिच्या कपाळी अक्षर नाही. घेऊन जा."

म्हाकूनं मान खाली घातली. ठकूबाई तिथंच मटकन बसली आणि रडू लागली. पंतांना तिच्याकडं पाहवेना, म्हणून त्यांनी तोंड फिरवलं आणि खाली खड्ड्यात पाहिलं. इतक्या महिन्यांत त्या जागेवरून त्यांनी एकदाही खाली पाहिलं नव्हतं. कशाला पाहतील? ते ओवरीत बसून टोपल्या मोजत.

खाली भुसभुशीत मातीत पायवाट पडली होती. रोज त्याच ठिकाणी पाय पडून पडून घट्ट झालेली, पांढुरकी. सगुणा डोक्यावर टोपली घेऊन तिच्यावरूनच चालत होती. आधी खाली, मग वळसा घेऊन, मग आडवी, मग वर. एकेक वळण घराएवढं. आणि पंतांनी वाचलं. श्री. त्याच्या पुढं ग. मग णे. मग शा. कुठं रेघ चुकलेली, तिथं मातीनं बुजवून शेजारी नवी वाट पाडलेली. अख्खा खड्डा तिनं लिहून काढला होता.

ठकूबाईनं डोळे पुसत विचारलं, "पंत, काय बघताय? काय हाय तितं?"

इथं माझा आजा गोष्ट थांबवायचा आणि आम्हा पोरांकडं एकेक करून बघायचा. कारण असं बघा, त्या बांधावर तिघं होते आणि त्यांत वाचता येणारा एकटा पंत. बाकी दोघांना ती पोरीची पावलं होती, दुसरं काही नाही. 'काही नाही' एवढं म्हटलं असतं तर पंतांचा शब्द राहिला असता. वाडा उठला असता, पावसानं वाट धुऊन गेली असती आणि या गोष्टीचा कुणाला पत्ता लागला नसता.

पंतांनी तसं म्हटलं नाही. ते खाली उतरले. धोतराचा सोगा खोचून खड्ड्यात गेले आणि सगुणेला म्हणाले, "मला कधी सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही बोटानं लिवायला सांगिटलं हुतं. बोटानं मला येत न्हाय. पायानं चाललं की वाट ध्येनात ऱ्हाती." आणि मग घाबरून म्हणाली, "ह्या चुकीच्या किती टोपल्या?"

पंतांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी तिच्या डोक्यावरची टोपली उतरवली, आपल्या डोक्यावर घेतली आणि तिच्याच वाटेवरून, श्रीपासून शापर्यंत, एकही वळण न चुकवता चालत गेले. वर येऊन माती बांधावर टाकली आणि ठकूबाईला म्हणाले, "बाई, तुझा नवस फिटला. लेकरू लिहितंय. चूक माझी होती, ही माझ्या चुकीची टोपली." पंतोजीनं डोक्यावर माती वाहिली म्हणून गावात आठ दिवस खसखस पिकली. पंतांनी तिकडं लक्षच दिलं नाही.

वाडा गेला, सगुणा राहिली. गुरवाच्या बायकोनं तिला घरात ठेवून घेतलं. उरलेली अक्षरं ती खड्ड्यात चालून शिकली आणि मग हळूहळू तीच वळणं बोटात उतरली. नुसती तीच नव्हे, गिरवण्याला कंटाळलेली आणखी चार पोरंही तिच्यामागनं चालून शिकली. पुढल्या आषाढात खड्डा पाण्यानं भरला. मोठेपणी ती वाड्याबरोबर फिरली आणि जिथं तळ पडेल तिथं काठीनं जमिनीवर अक्षर ओढून मेंढक्यांच्या पोरांना त्यावरून चालवलं, असं म्हणतात. खरं-खोटं नाथाला ठाऊक.

आजही वाकझरीच्या शाळेत पहिलीचं मूल पहिलं अक्षर हातानं लिहीत नाही. जूनमध्ये तळ्याचा तळ कोरडा असतो, तिथं ते चालून लिहितं. आणि त्याच्याही आधी, शाळा उघडते त्या दिवशी, मास्तर असो की बाई, पोरांच्या आणि आईबापांच्या देखत तळ्यात उतरून एक टोपली माती काढतात आणि बांधावर टाकतात. वर्षभरात होणाऱ्या आपल्या चुकांची ही टोपली, आगाऊ.

यंदा नव्या बाई आल्या आहेत, घोरपडे बाई. वयानं लहान, पण टोपली झटक्यात उचलली. पहिलीत आलेली एक मुलगी सकाळपासून आईच्या पदराला धरून हुंदके देत होती. बाई माती टाकून हात झटकत होत्या, तेव्हा तिनं नाक ओढत विचारलं, "बाई, तुमी काय चुकला?"

"अजून काही नाही," बाई म्हणाल्या, "पण चुकेन ना. वर्ष केवढं मोठं आहे!"

पोरीनं जरा विचार केला. मग आईचा पदर सोडला आणि अक्षर चालवून घ्यायला निघालेल्या बाईंच्या मागोमाग तळ्यात उतरली.