मेणाची साक्ष

एका राज्यात, जिथे समुद्राला आवाज नव्हता, आवडी नावाची एक पाणमोजणीदार राहत असे. लाटा येत, फुटत, परत जात. पण सारे मुक्याने. राजा धीरसेनाच्या आजोबांनी मोत्यांच्या हावेपायी खाडीतले पाणगवत उपटून काढले, तेव्हा समुद्राने आपला आवाज काढून घेतला आणि शाप दिला, की माझ्या तळाविषयी स्वतःला नको असलेले खरेही जो बोलेल, तोच माझा आवाज परत आणील. गवत पुढे हळूहळू उगवले. शाप तसाच राहिला. लाटेचा आवाज नाही म्हणजे धुक्यात खडक कळत नाही. आवडीचा बाप असाच एका सकाळी गेला होता.

राज्याचा कायदा सोपा होता. तळाशी गवत असलेले पाणी कुणाला द्यायचे नाही, कारण मासे तिथेच अंडी घालतात. तळ वाळूचा असेल तर खायची शिंपल्यातली कालवे वाढवायला भाडेपट्ट्याने द्यायचे, कारण माणसांनाही पोट आहे. तळ पाहायचा तो पाणमोजणीदाराने, शिशाच्या ओळंब्याने. त्याच्या बुडाला मेण फासायचे, तीन ठिकाणी सोडायचा, आणि मेणाला चिकटेल ते दरबारात ठेवायचे. मेण मात्र पट्टा मागणाऱ्याने आणायचे, असा जुना रिवाज.

एके दिवशी कर्कनाथ नावाच्या मांत्रिकाने सगळी खाडीच मागितली. येताना त्याने सुगंधी मेणाचा गोळा आणला, आणि आवडीने तो रिवाजाप्रमाणे दोन्ही हातांनी घेतला. इथेच ती चुकली.

तिने तीनदा ओळंबा सोडला. तिन्ही वेळा वाळू आली, शुभ्र, चाळून घेतल्यासारखी. शिंपल्याची एक कपची नाही. आवडीच्या मनात पाल चुकचुकली.

होडीच्या टोकावर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता. आवडीने त्याला विचारले, "तू रोज बुडी मारतोस. खाली काय आहे?"

"मांत्रिक मला रोज मासा घालतो," पक्षी म्हणाला. "मी काय बोलू?"

तो उडाला, तेव्हा त्याच्या पायाला एक हिरवी पात अडकलेली दिसली. पण फुकटचा मासा खाणाऱ्याचा भरवसा कसा धरावा? पात त्याने मुद्दाम दाखवली नसेल कशावरून?

आवडीने मांत्रिकाचे मेण होडीतल्या गवती चटईवर दाबले. ते चिकटेना. होडीच्या बुडातली वाळू मात्र त्याने चटकन उचलली.

मग तिने शिडाच्या दोऱ्याला लावायचा आपला मळका मेणाचा तुकडा काढला आणि ओळंबा पुन्हा सोडला. पहिल्या जागी पात आली. दुसऱ्या जागी पात आली, तिला माशांची अंडी लगडलेली. तिसऱ्या जागी, बाप गेला त्या खडकांपाशी, वाळू आली. कपच्यांची, खरी वाळू. ती जागा तिला कुणालाच द्यायची नव्हती, कर्कनाथाला तर मुळीच नाही. पायाशी पाती पडल्या होत्या. एक मेणाला लावली की काम झाले असते. तिने पात उचललीसुद्धा. पण मग ती पाण्यात टाकली.

दरबारात कर्कनाथ तिच्या हातांवरच नजर ठेवून होता.

"दोन जागी गवत आहे, महाराज. ह्यांचे मेण गवत धरत नाही, म्हणून मी माझे लावले."

"आणि तिसरी जागा?" राजाने विचारले.

"तिथे वाळू आहे. माझ्या मनात नाही, पण कायद्याने ती ह्यांना मिळते."

त्याच क्षणी खिडकीबाहेर काहीतरी गरजले. तरुण माणसे घाबरली. म्हाताऱ्यांनी समुद्राचा तो आवाज ओळखला आणि ते रडू लागले. कर्कनाथाचे मंत्र मुक्या पाण्यावरच चालत. त्याच्या झोळीतले मेण वितळून फरशीवर ओघळले.

राजा म्हणाला, "गवत समुद्राचे. वाळू कर्कनाथाची. आणि यापुढे मेण मोजणाऱ्याचे."

आता कर्कनाथ कमरेइतक्या पाण्यात उभा राहून कालवे वाढवतो. कालवे चांगली निघतात. आवडी ती खातेही, पण दर उधाणाच्या ओहोटीला त्याच्या हद्दीवर आपला ओळंबा सोडल्याशिवाय राहत नाही. परतताना धुके दाटले, तर खडकांवर फुटणाऱ्या लाटेचा आवाज ऐकत ती होडी घरी आणते.