पाडव्याची उतरण

“...पण निवडायची म्हणजे कुठनं निवडायची, अप्पाजी? आशा काय भाजीच्या गाडीवर मांडून ठेवलीय?”

कस्तुरी मगदूम मठाच्या ओसरीपुढं उभी राहून विचारत होती. बस म्हटलं तरी बसेना.

तासाभरापूर्वी याच ओसरीवर अप्पाजींचं पाडव्याचं प्रवचन झालं होतं. नवं वर्ष लागलंय, रडगाणं सोडा, आशा निवडा, प्रेरणा निवडा. लोकांनी माना डोलावल्या, कडुलिंब-गुळाचा प्रसाद घेतला आणि घरी गेले. ही तेवढी मागं राहिली.

मी मठाचा कारभारी. वीस वर्षांत अप्पाजींना कुणी असं उलटून बोललेलं मी ऐकलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

“कस्तुरी, जरा जपून. समोर कोण बसलंय?”

“ज्यांनी मला शिकवलं ते बसलेत. म्हणून तर विचारतेय!”

ते खरं होतं. परकर-पोलक्यात होती तेव्हापासून ती अप्पाजींची शिष्या. गावात मुलींसाठी कुस्तीची तालीम काढ, हेही तिला अप्पाजींनीच सांगितलेलं.

“काय झालं ते बोल,” अप्पाजी म्हणाले.

“तालीम बंद करतेय मी.”

“का गं?”

“चौदा पोरी होत्या. तीन उरल्यात. अकरा जणींची लग्नं लावली, आणि एकही अठराची नव्हती. आज दुपारी दानेश्वरीची सुपारी फुटतेय. सोळा वर्षांची पोर! राज्याच्या स्पर्धेला निवड झालीय तिची. काल माझ्याकडं आली, कुस्तीचे बूट परत द्यायला. धुऊन, पुसून आणले होते हो...”

तिचा आवाज फाटला. आता रडते की काय असं वाटलं, पण ती आणखीच भडकली.

“तिच्या बापाला म्हटलं, कायदा आहे. तर म्हणतो, आत्ता नुसती सुपारी आहे. वर काय म्हणाला सांगू? ‘अप्पाजींचं पान येतंय आमच्याकडं. तुम्ही कोण?’”



बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. मठामागं आमचा पानमळा आहे, विड्याच्या पानांचा. गावात सोयरीक ठरायची तर पहिला विडा मठाच्या पानाचा. ते पान आलं म्हणजे अप्पाजींचा आशीर्वाद आला. नाही आलं तर सुपारी फुटत नाही. दुसऱ्या मळ्याचं पान चालत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

“अकरा विड्यांची पानं इथनंच गेली,” कस्तुरी म्हणाली. “सकाळी आशा निवडा म्हणायचं आणि दुपारी पान द्यायचं. लाज नाही वाटत?”

“तोंड सांभाळ!” मी उठलोच.

अप्पाजींनी हात वर केला. मला गप्प बसवायला.

“पान द्यायच्या आधी आपण पोरीचं वय विचारतो का रे?”

“वय?” मी गोंधळलो. “आपण घराणं विचारतो. किती पानं हवीत ते विचारतो...”

“वय?”

“नाही, अप्पाजी.”

“कधीच नाही?”

मी मान खाली घातली. ती अकरा घरं मला आठवत होती. पानांची टोपली मीच हातात दिलेली, हसत हसत. आता संताप येत होता, आणि तो कस्तुरीवर काढता येत नव्हता.

“दानेश्वरीच्या घरी गेली पानं?”

“अजून नाही. शिवगोंडा बाराला न्यायला येतोय. तिचा बाप. तोवर ताजी खुडून ठेवायचीत.”

अप्पाजी उठले. पंच्याहत्तरीचं शरीर, पण काठी घेतली नाही. अनवाणी सरळ मळ्यात शिरले. आम्ही दोघं मागं.

पहिल्याच ओळीत त्यांनी शेवरीच्या झाडाला बांधलेल्या वेलीची गाठ सोडली. वेल खाली ओढली. मग दुसरी. मग तिसरी.

“अहो, हे काय करताय? उतरणीला अजून महिना आहे!”

उतरण वर्षातनं एकदाच करतात. सगळ्या वेली खाली घ्यायच्या, वेटोळं करून मातीत पुरायच्या. तिथनं त्या नव्यानं फुटतात, पण तोवर मळ्यात पान नाही. मठाची चूल या पानांच्या पैशावर पेटते. आणि पानं आत्ता कुठं तळहाताएवढी झाली होती.

“गाठी सोड,” अप्पाजी मला म्हणाले.

“नाही सोडणार. एका पोरीपायी सगळा मळा?”

“एका नाही, बारा.”

आता कस्तुरी घाबरली. “अप्पाजी, रागाच्या भरात बोलले मी. मळा नका मोडू. शिवगोंडाला नाही म्हणून सांगा, तेवढं बास.”

“आज नाही म्हणेन. उद्या दुसरा येईल. रडेल, पाया पडेल. मी म्हातारा माणूस, विरघळतो. अकरा वेळा तर काही न विचारताच दिलंय पान.”

“पण...”

“आशा कुठनं निवडायची, असं विचारलंस ना? ओढ.”

कस्तुरीनं ट्रॅकसूटच्या बाह्या वर सारल्या आणि दुसरी ओळ धरली. मीही वाकलो. रागारागानंच वाकलो, खोटं कशाला बोलू. बोटं हिरवी झाली, कंबर मोडली, पण बाराच्या आत शेवटची वेल खाली आली. पानं पार चुरगळली होती, वेटोळी मातीत घालायची तेवढी राहिली होती.

तेवढ्यात बांधावर शिवगोंडा आला. कडक इस्त्रीचा सदरा, हातात रिकामी टोपली. बोडकी शेवरी बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“अप्पाजी... पानं?”

“उतरण केली.”

“आज? अहो, घरात पाहुणे बसलेत! आता पान कधी मिळायचं?”

“दानू किती वर्षांची?”

“सोळा... सोळावं आत्ताच सरलं.”

“मग दोन वर्षांनी ये.”

“दोन वर्षांनी? चेष्टा करताय का गरिबाची? वेल तर दोन महिन्यांत फुटते!”

अप्पाजींनी एका वेटोळ्यावर हातानं माती लोटली. वर बघितलंसुद्धा नाही.

“फुटू दे की. फुटली म्हणजे लगेच खुडायची असते होय?”