गादीच्या राज्यातलं नखदान

त्या राज्यात सगळे सुखी होते आणि कुणालाच नखं नव्हती.

राज्य गादीचं होतं. रेशमी खोळ घातलेली थोरली गादी चौथऱ्यावर पसरलेली असे. तिच्या उजव्या हाताला कारभारी लोडपंत, मागे ओळीनं तक्के, आणि दाराशी मखमली पडदेबाई. प्रजा मांजरांची. प्रजेला दोन्ही वेळ दूध मिळे, बसायला गालिचा मिळे, आणि बदल्यात एकच मागणं असे. पिल्लू गालिच्यावर चढायला लागलं की त्याचं नखदान करायचं. पडदेबाईंच्या आड अडकित्तेबुवा आपलं काम उरकत. बाहेर सनई वाजत असे, त्यामुळे आतलं काही ऐकू येत नसे. मग पिल्लाला वाटीभर साय मिळे. साय खाताना पिल्लू पुढचे पाय आळीपाळीनं उचलून धरी आणि मोठी मांजरं कौतुकानं म्हणत, "बघा, लगेच कसं अदबीत आलं."

ही अदब पुढे वाढतच जाई. मऊ गालिच्यावरूनही मोठी मांजरं खडीवरून चालल्यासारखी जपून चालत. त्यांच्या पाठीला बाक येई. एखाद्या तरुण मांजरीची पाठ पहिल्यांदा धरली की घरात सुकट वाटली जाई आणि शेजारणी येऊन म्हणत, "मोठी झाली हो बाळी."

करडी ही अशीच एक भली, अदबशीर मांजरी होती. तिला एकच पिल्लू. गुंजेसारखं लालचुटुक नाक, म्हणून गुंजी. गुंजीचं नखदान जवळ आलं होतं आणि करडीनं सायीची वाटीही निवडून ठेवली होती.

त्या सकाळी गुंजी उठली. तिनं पुढचे दोन्ही पाय लांब टाकले, गालिच्याच्या काठात नखं रोवली आणि मागचं अंग वर उचललं. तिची पाठ आधी धनुष्यासारखी वाकली, मग उलटी ताणली गेली. तो ताण मानेपासून निघून शेपटीच्या टोकापर्यंत थरथरत गेला आणि तिथून हवेत निघून गेला. मग तिनं तोंडभर जांभई दिली आणि ती एकदम ताजी, नवी कोरी दिसू लागली.

"हे काय केलंस गं?" करडीनं विचारलं.

"काही नाही. उठले."

"असं उठतात?"

"मग कसं उठतात? आई, तू का नाही असं करत?"

"मी मोठी झाले."

"मोठं झालं की सकाळ होत नाही का?"

गुंजी खेळायला पळाली. करडीनं इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यात गेली, पाय लांब टाकले आणि जोर लावला. धरायला काहीच नव्हतं. पाय सुळकन निसटले आणि तिची हनुवटी गालिच्यावर आपटली. स्वतःचंच तिला हसू आलं. मग मात्र ती हनुवटी तशीच टेकवून बराच वेळ पडून राहिली. उठली ती थेट दरबारात गेली.

"गादीसाहेब, माझ्या गुंजीची नखं राहू द्या."

तक्क्यांमध्ये कुजबुज झाली. पडदेबाईंनी आपला काठ उलगडून एक निसटलेला धागा दाखवला. "कुणाच्या तरी पणज्यानं ओढलेला आहे हा. हवा पालटली की अजून ठणकतो."

"आणि नख म्हणजे काय, मिशीचा केस," लोडपंत म्हणाले. "कापला काय, राहिला काय."

तरुण मांजरांत ढाण्या नावाचा एक तापट बोका होता. तो उठून म्हणाला, "नखं हवीतच. आपण वाघाच्या नात्यातले. उद्या शत्रू आला तर?"

"कुठला शत्रू?"

"मिळेल की कुणीतरी," ढाण्या लोडपंतांच्या पोटाकडे बघत म्हणाला. सगळ्या तक्क्यांचा कापूस एकदम घट्ट झाला.

मग बोकोबा पुढे आले. दरबारातले सगळ्यात वयस्क आणि सगळ्यात वाकलेले. "माझ्या बापानं नखं दिली, मी दिली. काय बिघडलं? असा बाक आहे का दुसऱ्या कुणाच्या पाठीला?"

तसा बाक कुणाच्याच पाठीला नव्हता.

गादीनं करडीला विचारलं, "तुला लढाई नको, धागेही ओढायचे नाहीत. मग नखं हवीत कशाला?"

"उठायला, गादीसाहेब."

दरबार खदखदून हसला. हसू ओसरल्यावर कोपऱ्यातून अडकित्तेबुवा खाकरले. त्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. "एक सांगू का? मी नख कापत नाही, बोटाचं शेवटचं पेर कापतो. नख त्यातच असतं."

"पेर?" गादी म्हणाली. "पंत, मला तर केस सांगितला होता."

लोडपंत आपली शिवण निरखू लागले.

"उद्या सकाळी पोरीला इथं, माझ्यासमोर उठू दे," गादी म्हणाली. "मला बघायचंय. पण एक जरी धागा निघाला, तर तिथंच अडकित्ता."

करडी राज्यभर फिरली. जिकडे पाय ठेवावा तिकडे रेशीम, मखमल, जर. गुंजीची सकाळ पेलेल असं एकही ठिकाण नव्हतं. शेवटी मुदपाकखान्यामागच्या अंगणात तिला उन्हात भिंतीला टेकून उभी असलेली काथ्याची बाज दिसली. तिच्या दोऱ्या पंतांना टोचल्या म्हणून तिला हद्दपार केलेलं होतं.

"बाजाक्का, पिल्लानं तुम्हाला ओरबाडलं तर चालेल का हो?"

"चालेल काय, ये की घेऊन. किती वर्षं अंगाला खाज सुटलीय. काथ्यातली धूळ काय तुझे पंत येऊन काढणारेत?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मांजरांनी बाज ढकलत दरबारात आणली. बोकोबाही खांदा देत होते. "पडेल म्हणून धरलीय," ते वाटेत प्रत्येकाला बजावत होते. "माझं मत तेच आहे."

बाजेवर गुंजी गाढ झोपली होती. सगळा दरबार ती उठायची वाट पाहू लागला. लोडपंतांनी उठवायची सूचना केली, पण गादीनं त्यांना गप्प केलं. इतक्या शांततेत वाट पाहणं त्या दरबाराला माहीत नव्हतं. दोन तक्के एकमेकांवर कलंडून घोरू लागले.

मग गुंजीनं एक डोळा उघडला. एवढी गर्दी पाहूनही तिला काही विशेष वाटलं नाही. तिनं पाय लांब टाकले, काथ्यात नखं रोवली आणि ती ताणली गेली. कर्र कर्र आवाज झाला. कित्येक वर्षांची धूळ उन्हाच्या तिरिपेत सोन्यासारखी उडाली.

"अहाहा," बाजाक्का म्हणाली. "ती खालची दोरी राहिली बघ."

एकही धागा निघाला नव्हता. पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. गालिच्यावर बसलेल्या प्रत्येक मांजराचे पंजे आपोआप उघडत होते, मिटत होते, उघडत होते. ढाण्याचेही.

गादी हळूच म्हणाली, "माझ्या कापसाचे गोळे झालेत. कुणाला सांगितलं नाही कधी. ही बाज एरवी ठेवतात कुठं?"

"अंगणात, गादीसाहेब. उन्हात."

"मग मलाही तिथं न्या."

आता त्या राज्यात सकाळी बाज अंगणात असते आणि बाजेवर गादी. ऊन चढू लागलं की तिच्यातला एकेक गोळा सुटतो आणि ती फुलत जाते. खाली, कडेच्या दोऱ्यांवर, पिल्लांची कर्र कर्र चाललेली असते. पलीकडे अडकित्तेबुवा सुपारी कातरत बसतात आणि दिसेल त्याला खांड देऊ करतात.

बोकोबांचं मत अजून तेच आहे. गुंजीकडे पाठ करून बसल्या बसल्या ते सगळ्यांना तेच समजावत असतात. मधेच थांबतात, डोळे मिटतात आणि मान न वळवता म्हणतात, "जरा डावीकडे, पोरी. हां. आता जोरात."